बेंचमार्क चालवताना लॅपटॉप बंद पडतो? घरच्या घरी तपासणीचा क्रम

गेमिंग लॅपटॉप आता फक्त गेमसाठी घेतला जात नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊस आणि बंगल्यांची कामे जोरात आहेत. त्यांचे थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करणारी मुले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले, कर्जतच्या कोकण ज्ञानपीठ अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणारे विद्यार्थी, सगळ्यांनाच वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप लागतो. किंमत लाखाच्या घरात जाते. म्हणून घेतल्या घेतल्या तो किती पळतो हे पाहायला थ्रीडीमार्क किंवा युनिजिनसारखा बेंचमार्क लावला जातो. आणि नेमका त्याच वेळी प्रोग्रॅम बंद होतो, डिस्प्ले जातो किंवा अख्खी मशीनच बंद पडते.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. विंडोज फॉरमॅट मारतात, नाहीतर लॅपटॉप पाठीला लावून दुकान गाठतात. कुंभिवलीसारख्या गावातून खोपोलीला यायचे, लोकल पकडून कर्जतमार्गे मुंबई गाठायची आणि लॅमिंग्टन रोडवर उभे राहायचे, यात पूर्ण दिवस मोडतो. तिथे एसी चालू असतो, वीज स्थिर असते, दुकानदार तोच बेंचमार्क लावतो आणि तो सुरळीत पार पडतो. ‘इथे तर व्यवस्थित चालतोय’ हे ऐकून माणूस परत येतो आणि घरी पुन्हा तेच.

दुकानदार खोटे बोलत नसतो. दोष घरची हवा, घरची वीज आणि लॅपटॉप यांच्या जुळणीत असेल तर तो दुकानात दिसत नाही. म्हणून पहिली तपासणी जिथे लॅपटॉप बंद पडतो तिथेच व्हायला हवी. त्यासाठी लागतात एक वही, दोन-तीन मोफत प्रोग्रॅम आणि एक शिस्त: एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा चाचणी घ्यायची, निकाल लिहायचा. ड्रायव्हर, सेटिंग आणि कूलिंग पॅड असे तिन्ही एकदम बदलले, तर लॅपटॉप बरा झाला तरी कशाने झाला ते कळत नाही आणि महिन्याभराने तेच दुखणे पुन्हा उपटते.

आधी पाहा, तो कसा बंद पडतो

बेंचमार्क ग्राफिक्स चिप, प्रोसेसर, मेमरी, पंखे आणि अ‍ॅडॅप्टर या सगळ्यांवर एकाच वेळी ताण आणतो. त्यातला जो कच्चा असेल तो आधी मान टाकतो. कोण कच्चा आहे, याचा पहिला पुरावा मशीन बंद पडण्याच्या तऱ्हेतच असतो.

बेंचमार्क बंद होऊन डेस्कटॉप दिसतो आणि बाकी सगळे ठीक चालते, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. अशा वेळी बहुधा विंडोजनेच ग्राफिक्स चिपला रीसेट केलेले असते. चिपने ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण 2 सेकंदांत, उत्तर दिले नाही तर विंडोज ती अडकली असे समजून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. संशय घ्यायचा तो ड्रायव्हरवर, ओव्हरक्लॉकवर किंवा खुद्द चिपवर.

बटण दाबल्यासारखी अख्खी मशीन एका क्षणात बंद होते, निळी स्क्रीन नाही, संदेश नाही. इथे संशय विजेवर किंवा तापमानावर.

निळी स्क्रीन येते. तिच्यावरचे नाव मोबाइलने टिपून ठेवा. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल तर ग्राफिक्सकडे पाहा. दर वेळी वेगळेच नाव येत असेल तर आधी रॅम तपासा.

चित्र गोठते आणि आवाज एकाच सुरात अडकतो. इथे रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, कोणीही असू शकते. उलट रंगीत चौकोन, चमकणारे ठिपके किंवा पट्टे दिसत असतील आणि ड्रायव्हर बदलूनही ते जात नसतील, तर ग्राफिक्सच्या मेमरीत बिघाड असण्याचीच शक्यता जास्त.

तऱ्हेइतकीच वेळही लिहा. सुरू होताच, चित्र दिसण्याआधी बंद पडला तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. थ्रीडीमार्क सुरुवातीला मशीनची माहिती गोळा करतो आणि काही लॅपटॉप तिथेच अडकतात. त्याच्या सेटिंगमधला सिस्टीम इन्फोचा स्कॅन बंद करून पाहा. दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडला तर उष्णता. दृश्य बदलताना, एकदम भार वाढतो त्या क्षणी बंद पडला तर वीज किंवा क्लॉक. थ्रीडीमार्कच्या 2016 साली आलेल्या ‘टाइम स्पाय’ चाचणीत दोन भाग ग्राफिक्सचे आणि एक प्रोसेसरचा आहे. तो कोणत्या भागात बंद पडतो, एवढ्यावरूनही निम्मे काम होते.

विंडोजने लिहून ठेवलेले वाचा

स्टार्ट मेनूत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडते. त्यात कोणत्या दिवशी काय कोसळले ते लाल फुल्यांनी दिसते. अधिक खोलात जायचे तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ निवडा आणि मशीन बंद पडली त्या मिनिटाच्या नोंदी शोधा.

डिस्प्ले या नावापुढे 4101 आकडा असेल तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला, असा अर्थ. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर एन-व्ही-एल-डी-डी-एम-के-एम या अक्षरांची नोंद दिसते, तिचाही रोख ग्राफिक्सकडेच. डब्ल्यूएचईए-लॉगर ही नोंद हार्डवेअरनेच चूक कळवल्याची असते. ती वारंवार येत असेल तर गांभीर्याने घ्या. कर्नल-पॉवर 41 ही नोंद पाहून मात्र घाबरू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झाली, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

या नोंदींचे फोटो काढून ठेवा. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

पहिली पायरी: वीज

शहरातले मार्गदर्शन बहुधा ड्रायव्हरपासून सुरू होते. आपल्याकडे विजेपासून सुरू करावे, कारण ते तपासायला पैसे लागत नाहीत आणि दोष तिथे सापडण्याची शक्यता मोठी असते.

अ‍ॅडॅप्टर उलटा करून त्यावरचे ‘आउटपुट’ वाचा. 20 व्होल्ट आणि 11.5 अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार करा: 230 वॅट. लॅपटॉपसोबत जेवढ्या वॅटचा अ‍ॅडॅप्टर आला होता तेवढ्याचाच लागतो. घरी एक आणि कामाच्या ठिकाणी एक असावा म्हणून घेतलेला स्वस्त अ‍ॅडॅप्टर, किंवा 65 वा 100 वॅटचा टाइप-सी चार्जर, ई-मेल आणि टायपिंगला पुरतो. बेंचमार्कला पुरत नाही.

बॅटरीचाही इथे संबंध आहे. अनेक गेमिंग लॅपटॉप ताण शिगेला पोचला की अ‍ॅडॅप्टरच्या जोडीला बॅटरीतूनही वीज ओढतात. बॅटरी थकलेली असेल तर नेमक्या त्या क्षणी मशीन बंद पडते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘/बॅटरीरिपोर्ट’ जोडून इंग्रजी अक्षरांत द्या. मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता दाखवणारा अहवाल तयार होतो. क्षमता निम्म्यावर आली असेल तर बॅटरी संशयितांत धरा.

आता भिंतीकडे. अ‍ॅडॅप्टरवर ‘इनपुट 100-240’ असे लिहिलेले असते, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज थोडे उतरले म्हणून चांगला अ‍ॅडॅप्टर लगेच मान टाकत नाही. त्रास होतो तो ढिल्या सॉकेटचा, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लादलेल्या पाच-सहा पिनांचा आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घालणाऱ्या कन्व्हर्टरचा. 330 वॅटचा अ‍ॅडॅप्टरसुद्धा 230 व्होल्टवर दोन अँपिअरपेक्षा कमी ओढतो. म्हणजे 6 अँपिअरचे साधे सॉकेट पुरते, पण ते घट्ट हवे आणि अर्थिंग खरे हवे. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. सॉकेट स्वतः उघडू नका.

पावसाळ्यात लाइट जाते आणि घर इन्व्हर्टरवर येते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठे अ‍ॅडॅप्टर गुणगुणतात, तापतात आणि कधी कधी क्षणभर वीज सोडतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्यावर ‘यूपीएस’ व ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतील तर तो यूपीएसवर ठेवा. तपासणी करताना मात्र इन्व्हर्टर मध्ये नकोच. मूळ अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीच्या घट्ट सॉकेटमध्ये लावून बेंचमार्क घ्या आणि निकाल लिहा.

दुसरी पायरी: हवा आणि धूळ

घाटाखालच्या या पट्ट्यात मार्च ते मे अंगाची लाही होते. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. खोली जानेवारीपेक्षा 12 अंशांनी जास्त तापली असेल तर त्याच भाराखाली चिपचे तापमानही जवळपास तेवढेच वर सरकते. म्हणून हिवाळ्यात पास झालेला लॅपटॉप एप्रिलमध्ये नापास होऊ शकतो, आणि त्यात कंपनीने फसवले असे काही नसते.

याची सोपी, बिनखर्चाची चाचणी अशी: तोच बेंचमार्क, त्याच सेटिंगवर, एकदा पहाटे सहाला आणि एकदा दुपारी तीनला चालवा. पहाटे पार पडला आणि दुपारी कोसळला तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, आधी तापमान पाहा.

त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम सेन्सर मोडमध्ये उघडा आणि त्याला आकडे फाइलमध्ये नोंदवायला सांगा, म्हणजे मशीन बंद पडली तरी शेवटचे आकडे हाती राहतात. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिप साधारण 87 अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंश असते, एएमडीच्या अनेकांची 95 ते 100. या मर्यादेला टेकल्यावर चिप वेग कमी करते, लगेच बंद पडत नाही. म्हणजे 95 अंश दिसले की दोषी सापडलाच, असे नाही. पण आकडा वर चढत गेला आणि त्यानंतर काही सेकंदांत मशीन गेली, तर धागा पक्का. ग्राफिक्स चिपचे सरासरी तापमान आणि तिचा ‘हॉट स्पॉट’ हे दोन्ही दिसत असतील आणि त्यांत 25 अंशांपेक्षा जास्त फरक असेल, तर चिपवरची थर्मल पेस्ट सुकलेली किंवा एका बाजूला सरकलेली असू शकते.

धूळ इथे निरनिराळी असते: मालवाहू ट्रकच्या रस्त्याची, बांधकामांची, भात झोडणीच्या दिवसांतली. खालचे झाकण उघडल्यावर पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि माणूस फसतो. खरा थर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधल्या फटीत असतो. तंतू आणि धूळ मिळून तिथे घोंगडीच्या तुकड्यासारखा पापुद्रा जमतो आणि हवा बाहेर पडणेच थांबते. तो ब्रशने किंवा चिमट्याने अलगद काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती इअरबडने अडवून धरा, ती मोकळी भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होते. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असते. ते विजेचे वाहक आहे आणि मदरबोर्डवर सांडले तर मशीन कायमची जाते. त्याला घरी हात लावू नका.

झाकण उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. उघडायचे नसेल तर निदान मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, पलंगावर किंवा गोधडीवर ठेवून बेंचमार्क चालवू नका आणि पुन्हा चाचणी घ्या. एवढ्यानेच काम झाले तर उत्तम. पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळा. एसीतून किंवा गाडीतून आणलेला थंड लॅपटॉप दमट खोलीत लगेच चालू करू नका. आत दव धरते. तासभर तसाच राहू द्या.

तिसरी पायरी: सेटिंग मूळपदावर

आर्मरी क्रेट, व्हँटेज, नायट्रोसेन्स, ओमेन गेमिंग हब, एमएसआय सेंटर यांपैकी तुमच्या कंपनीचे जे अ‍ॅप असेल त्यात ‘टर्बो’ किंवा ‘परफॉर्मन्स’वरून ‘बॅलन्स्ड’वर या. व्हिडिओ पाहून ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केले असेल तर ते पूर्ण काढा. अंडरव्होल्टने तापमान उतरते हे खरे, पण प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चाललेला आकडा तुमच्यावर चालेलच असे नाही.

डिस्कॉर्ड, स्टीम, आफ्टरबर्नर यांचे स्क्रीनवर आकडे दाखवणारे ओव्हरले बंद करा. लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधले आणि एक वेगळे. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’ उघडून बेंचमार्कसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

‘बॅलन्स्ड’वर पार पडतो आणि ‘टर्बो’वर कोसळतो, हा मौल्यवान निकाल आहे. वीज, उष्णता किंवा क्लॉक यांपैकी एकावर बोट ठेवता येते. मग आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक 100 मेगाहर्ट्झने खाली आणून टर्बोवर पुन्हा चालवा. आता कोसळणे थांबले, तर चिप तिच्या फॅक्टरीतल्या वेगावरच स्थिर नाही. हा उपाय नव्हे, पुरावा आहे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर कमी वेगावर समाधान मानू नका. पूर्ण वेगाचे पैसे तुम्ही दिलेले आहेत.

विंडोजची 2 सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीतून वाढवण्याचा सल्लाही अनेक जण देतात. ब्लेंडरसारख्या जड रेंडरमध्ये चिप खरोखर कामात गुंतलेली असते, तिथे त्याचा उपयोग होतो. बेंचमार्कमध्ये मात्र त्याने दुखणे फक्त झाकले जाते.

चौथी पायरी: ड्रायव्हर

नवीन तेच चांगले, असे ड्रायव्हरबाबत धरून चालू नका. 2025 च्या सुरुवातीला आरटीएक्स 50 मालिकेबरोबर आलेल्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांनी काळ्या स्क्रीनच्या आणि क्रॅशच्या इतक्या तक्रारी ओढवल्या, की कंपनीला एकामागून एक हॉटफिक्स काढावे लागले. जुनी कार्डे वापरणारे अनेक जण तेव्हा मागच्या ड्रायव्हरवर परतले.

पद्धत अशी: लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या सपोर्ट पानावरून चिपसेट, प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि वेगळे ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. वायफाय बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकते. सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ चालवून जुने पूर्ण काढा. रीस्टार्ट करून त्याच क्रमाने नवे टाका: चिपसेट, आतले ग्राफिक्स, वेगळे ग्राफिक्स. लॅपटॉप कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरवर पार पडतो आणि नव्यावर कोसळतो, तर जुन्यावरच राहा आणि एक-दोन नवे ड्रायव्हर येऊ द्या.

बायोसचे अपडेटही पाहा. ते करताना मूळ अ‍ॅडॅप्टर लावलेला हवा आणि बॅटरी भरलेली हवी. वादळी संध्याकाळ त्यासाठी निवडू नका.

पाचवी पायरी: ग्राफिक्सवर नाहक आळ

संदेशात ग्राफिक्सचे नाव आले म्हणजे दोष ग्राफिक्सचाच, असे नसते. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या बाबतीत हे जगाने पाहिले. गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद पडत, लोक कार्ड बदलत, आणि दोष निघाला प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा. इंटेलने जुलै 2024 मध्ये तो मान्य केला आणि ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले. त्याच पिढ्यांच्या लॅपटॉप प्रोसेसरना हा दोष नाही, असे इंटेलने सांगितले आहे. पण तपासणीचा धडा लॅपटॉपलाही लागू आहे.

सिनेबेंचची प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटे चालवा. त्यात फक्त प्रोसेसर राबतो. तिथेच मशीन कोसळली तर ग्राफिक्स निर्दोष ठरण्याची शक्यता मोठी. नंतर विंडोजचे मेमरी डायग्नोस्टिक, आणि शक्य असेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसता कामा नये. नंतर बाहेरून रॅम टाकून घेतली असेल तर ती काढून फक्त मूळ रॅमवर बेंचमार्क घ्या. वेगवेगळ्या रॅमच्या जोडीने सतावलेले लॅपटॉप पुष्कळ असतात.

फरमार्क मात्र लॅपटॉपवर तासन्‌तास लावून ठेवू नका. खऱ्या गेममध्ये किंवा रेंडरमध्ये सहसा न येणारा भार तो चिपवर टाकतो, आणि त्यातून तुमच्या कामाबद्दल फारसे काही कळत नाही.

बरा झाला, हे कधी म्हणायचे

एकदा पार पडला म्हणजे बरा झाला, असे नाही. थ्रीडीमार्कच्या पूर्ण आवृत्तीतली स्ट्रेस टेस्ट एकच दृश्य 20 वेळा चालवते आणि फ्रेम रेटची स्थिरता किमान 97 टक्के असेल तरच पास म्हणते. ती आवृत्ती विकत घ्यायची नसेल तर युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन अर्धा तास चालू ठेवा. त्यानंतर तुमचे खरे काम, मग तो वॉकथ्रू असो, एडिट असो की गेम, दुपारच्या उन्हात तासभर करून पाहा. यात टिकला तरच वहीत ‘बरा’ लिहा.

इथे थांबा आणि सर्व्हिसकडे जा

मूळ अ‍ॅडॅप्टर, घट्ट सॉकेट, थंड खोली, मूळ सेटिंग, कोरा ड्रायव्हर, तपासलेली रॅम, एवढे होऊनही कोसळत असेल, किंवा स्क्रीनवर चौकोन आणि पट्टे येत असतील, तर दोष हार्डवेअरचा समजा. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर एकही चाचणी न करता वापर थांबवा. ‘चिप गरम करून देतो’ म्हणणाऱ्याला वॉरंटीतला लॅपटॉप देऊ नका. त्या उपायाने मशीन काही आठवडे चालते, वॉरंटी मात्र कायमची जाते.

कंपनीला फोन करताना आधी विचारा की तुमच्या पिन कोडवर घरी येऊन सेवा मिळते का. अनेक गेमिंग लॅपटॉपना ती असते आणि मुंबईची फेरी वाचते. तंत्रज्ञ घरी आला तर दोष तुमच्याच सॉकेटवर, तुमच्याच उकाड्यात दाखवता येतो. दुकानात द्यावाच लागला तर बिल, इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो, मशीन बंद पडतानाचा व्हिडिओ आणि वहीतल्या नोंदी सोबत द्या. ‘कधीकधी बंद पडतो’ असे सांगू नका. ‘टाइम स्पायच्या दुसऱ्या ग्राफिक्स चाचणीत, टर्बोवर, पाचपैकी चार वेळा, नोंद 4101’ असे सांगा आणि तेच जॉब शीटवर लिहून घ्या. जॉब शीटवर नसलेली तक्रार नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

आणि ज्यांचा लॅपटॉप आज ठणठणीत आहे त्यांना एक आग्रहाची विनंती. याच आठवड्यात एक बेंचमार्क चालवा आणि गुण, सर्वाधिक तापमान, ड्रायव्हरचा क्रमांक, बॅटरीची क्षमता आणि त्या दिवशीचा उकाडा एका पानावर लिहून ठेवा. लॅपटॉप उद्या आजारी पडला तर त्याची तुलना करायला निरोगी दिवसाचे आकडे हाताशी असतील, आणि दुरुस्ती करणाऱ्याचाही निम्मा वेळ वाचेल.